टाकीतले मासे भांडू लागले तर काय करावं

माझ्या पहिल्या दोन फुटी टाकीत चार टायगर बार्ब होते आणि एक चंदेरी एंजल. एंजलच्या पोटाखाली दोन लांब दोऱ्यांसारखे पर असतात. पंधरा दिवसांत ते दोन्ही मुळापर्यंत कुरतडले गेले, शेपटीच्या चिंध्या झाल्या. सकाळी टाकीचा लाइट लावला की तो हीटरच्या मागे, तोंड काचेकडे करून उभा असायचा आणि त्याचे कल्ले भराभर उघडमीट करत असायचे. ज्या दुकानातून मासे आणले तिथे मला सांगितलं होतं, ‘चार पुरे, आरामात राहतील.’ मी विश्वास ठेवला. बार्ब दुष्ट आहेत असं ठरवून ते परत द्यायलाही निघाले होते.

दुष्ट कुणीच नव्हतं. चार हा आकडाच चुकीचा होता, आणि जोडीला दिलेला मासाही. पुढच्या काही वर्षांत इंदूरच्या पाण्यात, इथल्या उन्हाळ्या-हिवाळ्यात मासे सांभाळताना हे पुन्हा पुन्हा दिसलं: कळपातला मासा भांडखोर झाला तर बहुतेक वेळा त्याला सोबत कमी पडते, जागा कमी पडते, नाहीतर पाणी बिघडलेलं असतं. तेव्हा माशाला शिक्षा करण्याआधी या तीन गोष्टी तपासा, आणि याच क्रमाने तपासा.

आधी मासे मोजा

टायगर बार्ब मूळचा सुमात्रा-बोर्निओकडचा. तिथे तो थव्याने राहतो आणि थव्यात सतत मानपान चालू असतं. दोन नर एकमेकांच्या शेजारी येतात, सगळे पर ताठ उघडतात, डोकं खाली करून गोल गोल फिरतात. मग एक जण माघार घेतो आणि प्रकरण तिथेच मिटतं. दहा मासे असले की ही रेटारेटी दहा जणांत वाटली जाते. तीन-चारच असले की सगळ्यात अशक्त मासा सगळ्यांचा मार खातो. आणि शेजारी एंजल, गुरामी किंवा लांब शेपटीचा गप्पी असेल तर त्याच्या परांचे लचके तोडले जातात.

म्हणून टायगर बार्ब घ्यायचे तर आठ-दहा घ्या, आणि लांब परांचा, संथ मासा त्यांच्यासोबत ठेवूच नका. निऑन टेट्रा दहाच्या आसपास, तळाशी फिरणारे कोरी किमान सहा. गप्पीत हिशेब वेगळा: एका नरामागे दोन-तीन माद्या, नाहीतर एकाच मादीच्या मागे लागून नर तिला दमवून टाकतात.

पण ‘अजून आणा’ हा उपाय सगळ्यांना लागू नाही. फायटरचा नर दुसऱ्या नराला सहन करत नाही, फ्लॉवरहॉर्न तर एकटाच ठेवायचा मासा. एंजल लहानपणी एकत्र छान वाढतात, पण एकदा जोडी जमली आणि अंडी घातली की ती दोघं अर्धी टाकी आपली मानतात. अशा वेळी जोडीला वेगळी टाकी द्यावी, नाहीतर बाकीच्यांना हलवावं.

मग जागा

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत काठोकाठ भरलं तरी साधारण 56 लिटर पाणी मावतं. खडी, दगड घातले की त्याहून कमी. दहा टायगर बार्बना ही जागा अपुरी आहे. तीन फूट लांब टाकी असली की पळणाऱ्याला पळायला वाव मिळतो. टाकी घेताना उंचीपेक्षा लांबी बघा. उंच, अरुंद टाकी दिवाणखान्यात शोभते, पण पाठलाग आडवा होतो.

आत काय आणि कसं ठेवलंय याचाही फार फरक पडतो. एका टोकाला उभं राहिलं की दुसरं टोक सरळ दिसत असेल तर दबलेल्या माशाला सुटकाच नाही. उंच झाडं, भिजवून तळाशी बसणारं लाकूड, दगडांचे आडोसे असे मांडा की टाकीचे तीन-चार ‘खोल्या’ पडल्यासारखे भाग होतील. तळाला राहणाऱ्या माशांना लपायच्या जागा माशांच्या संख्येपेक्षा एक-दोन जास्तच असू द्या. जागा कमी पडली की गुहेच्या तोंडाशीच झटापट होते. मातीच्या फुटक्या कुंडीचे तुकडे, कडा घासून गुळगुळीत केलेले, यासाठी उत्तम.

पाणी बिघडलं तर शांत मासाही चिडतो

इंदूरला नळाला नर्मदेचं पाणी येतं, नदीकाठच्या जलूद गावाहून पंप करून घाट चढवून आणलेलं, आणि आपल्याकडे बहुतेक भागांत ते एक दिवसाआड येतं. त्यात क्लोरीन असतं. ते थेट टाकीत ओतलं तर कल्ले भाजतात आणि फिल्टरमधले उपयोगी जीवाणूही मरतात. नळ आला की एक बादली माशांसाठी वेगळी भरून ठेवा, उघडी, चोवीस तास, शक्यतो त्यात हवेचा दगड (एअर पंपाच्या नळीला लावायचा, बुडबुडे सोडणारा) सोडून. घाई असेल तर अँटी-क्लोरीनचे थेंब, बाटलीवर लिहिलेल्या मापाने. बोअरिंगचं पाणी आपल्या काळ्या खडकातून येतं, बहुधा जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं असतं. आज नर्मदेचं, उद्या बोअरिंगचं असं करू नका. मासा एका प्रकारच्या पाण्याला सरावतो. रोजचा बदल त्याला सोसत नाही.

नवी टाकी असेल तर अजून एक गोष्ट. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. जीवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे जीवाणू फिल्टरमध्ये जम बसवायला चार ते सहा आठवडे घेतात. तोवर टाकी माशांनी भरून टाकली तर मासे गुदमरतात, अंग घासतात, एकमेकांवर धावतात. चाचणीचं किट घ्याच. अमोनिया आणि नायट्राइट शून्य हवेत, नायट्रेट 40 पीपीएमच्या (लिटरमागे 40 मिलिग्रॅमच्या) खाली. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला. फिल्टरचा स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळून. नळाखाली कधीही नाही.

तापमानाचं आपल्याकडे विशेष. शब-ए-मालवा म्हणून इथल्या गार रात्रींचं कौतुक आहे, आणि ते खरंही आहे, पण डिसेंबर-जानेवारीत दुपारचं ऊन आणि पहाटेचा गारठा यात उघड्या खोलीतल्या टाकीचं पाणी बरंच वरखाली होतं. बहुतेक उष्ण कटिबंधातल्या माशांना 24 ते 27 अंश चालतं. लिटरला एक वॅट या हिशेबाने हीटर घ्या आणि थर्मामीटर वेगळा लावा, हीटरच्या आकड्यावर विसंबू नका. मे महिन्यात उलट अडचण. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. तेव्हा झाकण काढून जाळी टाका, पाण्याच्या पृष्ठभागावर वारा येईल असा छोटा पंखा बाहेरून लावा, लाइट जाते त्या भागात बॅटरीवरचा एअर पंप तयार ठेवा.

खेळ कुठला, छळ कुठला

योयो लोच हा आपल्या उत्तर भारतातला मासा. शास्त्रीय नाव बोटिया अल्मोराए, अल्मोड्यावरून पडलेलं. पाच-सहा योयो चार फुटी टाकीत ठेवले तर त्यांच्यासारखी सोबत नाही. माझ्याकडचे दोन मोठे योयो पहिल्यांदा भिडले तेव्हा मी घाबरले. दोघांच्याही अंगावरचे काळे पट्टे विरघळल्यासारखे झाले, आख्खं अंग राखाडी. छातीला छाती लावून ते वर-खाली रेटत होते आणि मधूनच टाकीतून ‘टिक्’ असा आवाज येत होता, चुटकी वाजवल्यासारखा, शेजारच्या खोलीत ऐकू येईल इतका स्पष्ट. मी जाळी हातात घेऊन उभी. दहा-पंधरा मिनिटांनी दोघे सुटले, पट्टे परत उमटले, आणि थोड्या वेळात एकाच कुंडीच्या तुकड्याखाली एकमेकांवर पडून झोपले. घरातला मोठा कोण हे ठरलं होतं, बस.

असं भांडण मोडायचं नाही. मध्येच एकाला काढलं तर परत सोडल्यावर ते पहिल्यापासून सुरू होतं.

हस्तक्षेप करायची वेळ ओळखावी ती मार खाणाऱ्याकडे बघून. तो दोन दिवस खायला येत नसेल, पर कायम मिटलेले असतील, रंग फिका पडून परतच येत नसेल, कोपऱ्यात पृष्ठभागाजवळ लटकत असेल, अंगावरचे खवले निघालेले असतील, तर तो छळ आहे. त्या दिवशीच पुढचं करा.

मार देणाऱ्याला बाहेर काढा, मार खाणाऱ्याला नव्हे. वेगळ्या टाकीत किंवा टाकीतच जाळीच्या पेटीत त्याला चार-पाच दिवस ठेवा. तेवढ्यात आतले दगड, झाडं, लाकूड यांची जागा बदला. परत येतो तेव्हा त्याची जुनी हद्द उरलेली नसते, तोच नवखा असतो. खाणं एका जागी टाकत असाल तर दोन टोकांना एकाच वेळी टाकायला लागा. बरीच दादागिरी अन्नाच्या जागेवरून असते. एवढं करूनही तोच मासा पुन्हा त्याच वाटेला गेला तर त्याला दुसरं घर शोधावं लागतं.

फाटलेले पर स्वच्छ पाण्यात आपोआप भरून येतात, फक्त बदलाचं पाणी वाढवा. मीठ घालण्याआधी थांबा: लोच आणि कोरी यांना मीठ आणि औषधं दोन्ही जास्त बाधतात. भांडणाच्या ताणाने पांढरे ठिपके आले, रव्याचे कण चिकटल्यासारखे, तर पाणी हळूहळू दोन दिवसांत 30 अंशांवर न्या, हवा वाढवा आणि औषध द्यायचं तर लोचना निम्म्या मात्रेने सुरू करा. ठिपके गेले तरी उपचार लगेच थांबवू नका, त्या परजीवीची पिल्लं तोवर पाण्यात असतात.

नवे मासे आणताना

नवा मासा दोन ते चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा. कळप वाढवायचा असेल तर एकेक न आणता तीन-चार एकदम आणा, म्हणजे जुन्यांचा रोख एकावर पडत नाही. संध्याकाळी, जुन्यांना खायला घालून, लाइट बंद करून सोडा.

विकत घेताना माशाचा पूर्ण वाढलेला आकार विचारा. दुकानात दोन इंचांचा दिसणारा क्लाउन लोच फूटभर वाढतो आणि वीस-वीस वर्षं जगतो. मिस केरळ नावाने विकला जाणारा लाल पट्ट्याचा देखणा मासा आपल्या पश्चिम घाटातला. 2013 मध्ये त्याच्या प्रजातीला ‘सह्याद्रिया’ हे नाव मिळालं. निसर्गात तो धोक्यात आहे, म्हणून टाकीत पैदास झालेलाच मागा. त्याला गार, वाहतं पाणी लागतं. आपल्या उन्हाळ्यात पाणी गार ठेवायची सोय नसेल तर घेऊ नका, कितीही आवडला तरी.

आणि न जमलेला मासा सिरपूर तलावात किंवा यशवंत सागरात सोडायचा विचार मनातही आणू नका. दोन्ही रामसर यादीतल्या, म्हणजे जगभरच्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतल्या जागा आहेत, परका मासा तिथल्या माशांचं अन्न आणि जागा खातो. दुकानात परत द्या, नाहीतर मोठी टाकी असलेल्या कुणाला द्या. पिशवीत एक तृतीयांश पाणी, बाकी हवा, एका पिशवीत भांडखोर एकच. आदल्या दिवशी खायला देऊ नका, म्हणजे वाटेत पाणी खराब होत नाही. उन्हाळा असेल तर सकाळी ऊन चढायच्या आत निघा.