परदेशातल्या ख्रिस्ती महिला मेळाव्यात साक्ष द्यायला जाताना

साक्ष म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सभेत उभं राहून सांगणं. त्यासाठी परदेशी जायचं तर पासपोर्टची मुदत परतीनंतरही 6 महिने शिल्लक हवी. आमंत्रणपत्रात तारखा, मुक्काम आणि खर्च कोण करणार हे स्पष्ट लिहून घ्या. केनियाला जायचं असेल तर पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान 10 दिवस आधी घ्या. सोबत धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधा. देवगिरी एक्स्प्रेसने मुंबईला जाणार असाल तर एक दिवस हाताशी ठेवून निघा. एवढी तयारी कुणालाही जमते.

खरी मेख भाषणात आहे. "इंग्रजीत लिहून पाठ करा" असा सल्ला देणाऱ्यांचं मुळीच ऐकू नका. 1873 साली जालन्याचे रेव्हरंड नारायण शेषाद्री न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेत बोलले, पण ते इंग्रजी शाळेत शिकलेले होते. आपण देवाशी मराठीत बोलतो, मग साक्षही मराठीतच द्यावी. भाषांतराला बाई मागून घ्या.

पहिल्या वेळी मी त्या बाईंना थेट व्यासपीठावरच भेटले. बोलता बोलता म्हणाले, "माझ्या पोटात गोळा आला." त्यांनी शब्दशः सांगितलं. सभा संपल्यावर पाच-सहा जणी माझ्या पोटावर हात ठेवून गाठ बरी व्हावी म्हणून प्रार्थना करू लागल्या. त्यांचं प्रेम खरं होतं, पण माझी साक्ष त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

म्हणून आदल्या दिवशी त्या बाईंसोबत तासभर बसाच. अख्खं भाषण त्यांना बोलून दाखवा, वाक्प्रचार काढून टाका. 20 मिनिटं दिली असतील तर तुमच्या वाट्याला 10 येतात, तेवढंच तयार करा. मराठीत क्रियापद शेवटी येतं, ते येईपर्यंत त्या बाई खोळंबून राहतात. "नवरा ऊसतोडीला गेलेला असताना, लेकरं सासूकडे ठेवून, रांगेत उभी असताना मी प्रार्थना केली" असं बोलू नका. असं बोला: "नवरा ऊसतोडीला गेला होता. लेकरं सासूकडे होती. मी हंडा घेऊन रांगेत उभी होते. तिथे मी प्रार्थना केली." प्रत्येक वाक्यानंतर थांबा. त्यांचं बोलून झाल्याशिवाय पुढचं वाक्य उचलू नका. "ही म्हणते" असं न म्हणता "मी" म्हणूनच बोला, हेही त्यांना सांगून ठेवा.

शास्त्रवचनाचं भाषांतर करायला लावू नका. अध्याय आणि वचन आधी कळवा, त्या आपल्या बायबलमधून वाचतील. मी नेहमी योहानाच्या शुभवर्तमानाचा 4था अध्याय घेते. त्यात पाण्याला आलेली शोमरोन प्रांतातली एक स्त्री विहिरीवर येशूला भेटते आणि घागर तिथेच ठेवून गावात जाते. नळाचं पाणी वापरणाऱ्या बायांना त्यात विशेष काही वाटत नाही. मग मी 2016 चं सांगते: लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. 15 लिटरची घागर म्हणजे डोक्यावर पंधरा किलो पाणी आणि वर घागरीचं वजन. मी कमरेवर हात ठेवून ती कशी धरतात ते दाखवते. आमच्याकडची बाई ती घागर सोडून धावली तर तिला काय सापडलं असेल, हे मग सभेला वेगळं सांगावं लागत नाही.

शेवटची प्रार्थना मात्र तुकड्या-तुकड्यांनी करू नका. ती मराठीत, एका दमात करा. तिचं भाषांतर करायचं नाही, असं त्या बाईंना आदल्या दिवशीच सांगून ठेवा.