किनाऱ्यावरील वाळूच्या टेकड्या आणि वारा: प्रकल्प करताना या चुका टाळा

बडोद्याला सर्वांत जवळचा समुद्र खंभातच्या आखाताचा असला, तरी तिथल्या प्रचंड भरती-ओहोटीमुळे किनारा बहुतांशी चिखलाचा आहे. त्यामुळे वाळूच्या टेकड्या पाहायच्या असतील तर इथली मुले कच्छमधील मांडवीला जातात, किंवा सुटीत कोकणातल्या नातेवाइकांकडे गेल्यावर तिथे मोजमापे घेऊन येतात. विज्ञान प्रदर्शनाचे दिवस जवळ आले की आमच्या दांडिया बाजारातील घरी अशा वह्या तपासायला येतात. मुलांची मेहनत खरी असते, पण बहुतेक वह्यांत एक गफलत पुन्हा पुन्हा दिसते. वारा हा एकच आकडा मानला जातो, आणि बाकीच्या चुका त्यातूनच निघतात.

पहिली चूक मोजण्याच्या उंचीची. वारा जमिनीलगत मंद असतो आणि वर जावे तसा वाढत जातो. सपाट, कोरड्या वाळूवर दीड मीटर उंचीवर जो वेग मिळतो, त्याच्या साधारण दोन-तृतीयांश वेग पाच सेंटिमीटरवर असतो. वाळूचे कण बहुतांशी जमिनीलगतच उड्या मारत पुढे जातात, म्हणून डोक्याच्या उंचीवर धरलेल्या वेगमापकाचा आकडा थेट वाळूला लावणे चुकीचे ठरते. दोन किंवा तीन उंचींवर वेग मोजावा आणि प्रत्येक आकड्याशेजारी उंची लिहावी. हवामानखात्याचे आकडे सहसा 10 मीटर उंचीचे असतात, हेही ध्यानात ठेवावे.

टेकडीच्या माथ्यावर मात्र हा हिशोब बदलतो. वाताभिमुख, म्हणजे वाऱ्याकडे तोंड असलेल्या, उतारावरून चढताना वाऱ्याचे प्रवाह एकमेकांजवळ येतात आणि माथ्याशी वेग वाढतो. ही वाढ जमिनीलगत सर्वाधिक असते, तर टेकडीच्या पायथ्याशी वारा किंचित मंदावतो. म्हणून पायथ्याशी एकदा मोजून तोच वेग साऱ्या उतारासाठी वापरणे टाळावे. माथा ओलांडल्यावर प्रवाह जमिनीपासून सुटतो आणि वातविन्मुख, म्हणजे वाऱ्याच्या आडोशाच्या, बाजूला भोवरा तयार होतो. मांडवीला एका विद्यार्थ्याने बांबूच्या काड्यांना लोकरीचे धागे बांधून त्या समुद्राकडून जमिनीकडे एका ओळीत रोवल्या होत्या. माथ्यापलीकडच्या उतरणीच्या तळाशी रोवलेल्या काडीचा धागा समुद्राच्या दिशेला, म्हणजे माथ्याकडे, वळलेला होता. "काका, हा धागा बिघडलाय, ही काडी काढून टाकू का?" असे त्याने विचारले. तो धागा बिघडलेला नव्हता. उलट फिरणारी हवा तोच दाखवत होता, आणि त्या दिवसाचे सर्वांत मोलाचे निरीक्षण त्या काडीचे होते. अपेक्षेविरुद्ध आलेली नोंद खोडण्याआधी ती कुठल्या जागेची आहे, हे पाहावे.

सरासरीच्या बाबतीत थोडे थांबावे लागेल, कारण इथे हुशार मुलेही फसतात. ब्रिटिश सैन्यातील अभियंता राल्फ बॅग्नोल्ड यांनी वातबोगद्यातील प्रयोग आणि वाळवंटातील मोजमापे यांवर आधारलेला ग्रंथ 1941 साली प्रसिद्ध केला. त्यात वाहणाऱ्या वाळूचे प्रमाण वाऱ्याच्या वेगाच्या घनाशी जोडलेले आहे. शिवाय ठरावीक वेगाखाली वाळू हलतच नाही. पाव मिलिमीटरच्या कोरड्या कणांसाठी 10 मीटर उंचीवर हा वेग ढोबळमानाने 6 ते 8 मीटर प्रतिसेकंद असतो. आता दिवसाचे निम्मे तास वारा 4 मीटर प्रतिसेकंद वेगाने आणि उरलेले निम्मे तास 12 मीटर प्रतिसेकंद वेगाने वाहिला, असे समजू. सरासरी 8 येते आणि तिचा घन 512 होतो. प्रत्यक्षात 4 मीटरच्या वाऱ्याने काहीच हलत नाही, तर 12 चा घन 1728, त्याचे निम्मे 864. महिन्याची सरासरी घेऊन गणित करणारा विद्यार्थी वाळूचा मोठा वाटा असा हातचा सोडून देतो. तासातासाचे आकडे घ्यावेत, आधी घन करावा आणि मगच बेरीज करावी.

दिशेचीही चूक सर्रास होते. नोंदीत 225 अंश लिहिलेले असेल तर तो वारा नैर्ऋत्येकडून येतो आणि वाळू ईशान्येकडे नेतो. नकाशावर बाण नेमका उलटा काढलेला मी अनेकदा पाहिला आहे. चंद्रकोरीसारख्या आकाराचा अर्थ लावतानाही हाच घोटाळा होतो. बारखानाची, म्हणजे उघड्या वाळूच्या चंद्रकोरी टेकडीची, टोके वारा जातो त्या दिशेला असतात, तर वनस्पतींनी धरून ठेवलेल्या किनाऱ्यावरील अन्वस्ताकार (इंग्रजी U सारख्या) टेकडीचे हात वारा येतो त्या दिशेला मागे राहिलेले असतात.

घरच्या टेबल फॅनवरचा प्रयोग अनेकांना फसल्यासारखा वाटतो. त्याची कारणे बहुधा साधी असतात. बांधकामाची वाळू धुऊन, उन्हात पूर्ण वाळवून बारीक चाळणीतून चाळलेली नसते. किंचितसा ओलावाही कणांना एकमेकांशी धरून ठेवतो. दुसरे, पंख्याची हवा पिळवटत येते, म्हणून पंख्यासमोर शीतपेयाच्या नळ्यांचा घट्ट जुडगा आडवा ठेवून हवा सरळ करावी. एवढे केल्यावर ट्रेमध्ये सुंदर ऊर्मिचिन्हे, म्हणजे वाळूवरच्या बारीक लाटांसारख्या रेघा, उमटतात. त्यांना 'छोट्या टेकड्या' म्हणू नये. ऊर्मिचिन्हांमधले अंतर काही सेंटिमीटरचे असते आणि त्यांच्या माथ्यावर जाडसर कण गोळा होतात. टेकडी तयार व्हायला मात्र वाऱ्याने वाळूचा पुरता भार उचलण्याइतके अंतर लागते, त्यामुळे वाऱ्याने घडवलेल्या सर्वांत लहान टेकड्याही काही मीटर लांबीच्या असतात. ट्रेमध्ये टेकडी आपोआप तयार होणार नाही. हाताने ढीग रचून त्यावरचा प्रवाह जरूर तपासावा, पण तो ढीग वाऱ्याने घडवला, असे फलकावर लिहू नये.

जोराचा वारा म्हणजे जास्त वाळू, हेही गृहीत धरू नये. कोकणात पावसाळी वारे जोरदार असतात, पण वाळू भिजलेली असते. उन्हाळ्यातील दुपारचा समुद्री वारा कोरड्या पुळणीवरून वाळू सहज उचलतो. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरील वाळूत शिंपल्यांचा चुरा बराच असतो आणि असे चपटे कण गोल कणांसारखे उडत नाहीत. नमुन्यावर व्हिनेगरचे दोन-चार थेंब टाकून बुडबुडे येतात का, ते पाहावे; आले तर त्यात शिंपल्यांचा चुरा आहे असे समजावे.

शेवटची गोष्ट मला मनापासून सांगावीशी वाटते. चांगला फोटो मिळावा म्हणून मोजणीच्या रेषेवरील मर्यादवेल उपटू नका. ही वेल जमिनीलगतचा वारा मंदावते, त्यामुळे तिच्याभोवती वाळू साचते आणि समुद्रालगतची पहिली टेकडी उभी राहते. ती उपटली की उघड्या जागेतून वारा खळगा कोरू लागतो. किनारी नियमन क्षेत्राच्या 2011 आणि 2019 च्या अधिसूचनांत वाळूच्या टेकड्या संवेदनशील गटात आहेत. काड्या रोवताना वेलीच्या गाठींमधली मोकळी जागा शोधावी, आणि निघताना सगळ्या काड्या मोजून परत आणाव्यात.