ग्लेनगॅरिफच्या ओकवनात फिरायला जाताय? या चुका टाळा

आम्ही आयर्लंडमधल्या कॉर्कला राहतो, आणि भारतातून कुणी आलं की त्यांना ग्लेनगॅरिफच्या वनात नेल्याशिवाय मला चैन पडत नाही. गावातून केनमेअरच्या रस्त्याला लागलं की एखाद्या किलोमीटरवर हे वन येतं. सुमारे ३०० हेक्टरचा परिसर, मधून वाहणारी ग्लेनगॅरिफ नदी आणि शेवाळाने मढलेले जुने ओक. पूर्वी ही बँट्रीच्या अर्ल घराण्याची जहागीर होती. १९९१ पासून हे सरकारी राखीव वन आहे. इथल्या बहुतेक वाटा दोन-तीन किलोमीटरच्या आत संपतात. "एवढंच ना!" म्हणून माणसं आहे त्या कपड्यांनिशी निघतात, आणि बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

नुसते किलोमीटर बघून वाट निवडणं

लेडी बँट्रीज लुकआउटची वाट छोटीशी आहे, पण चढ अंगावर येतो. वरून गॅरिनिश बेट आणि बँट्रीचा उपसागर दिसतो, म्हणून मी आईला हौसेने नेलं. चढताना ती काही बोलली नाही. उतरताना मात्र दर चार पावलांनी माझा खांदा धरून थांबत होती. गुडघे दुखणारं कुणी सोबत असेल तर नदीकाठची वाट किंवा बिग मेडोची वाट घ्या. बरोबरच्या मंडळींना वर जायचंच असेल तर त्यांना जाऊ द्या, आपण नदीपाशी बसावं.

सह्याद्रीतल्या पावसाच्या सवयीने येणं

आपण जीन्स आणि फ्लोटर्स घालून पावसात गड चढलेलो असतो. पण तो पाऊस उबदार असतो. इथे दहा-बारा अंश तापमानात भिजलेली जीन्स अंगाला चिकटली की अर्ध्या तासात हुडहुडी भरते. त्यात ओकची उघडी मुळं आणि कुजलेली पानं पायाखाली साबणासारखी निसटतात. पकड असलेले बूट, लवकर वाळणारी पँट आणि वॉटरप्रूफ जॅकेट एवढं हवंच. गाडीत कोरडे मोजे आणि टॉवेल ठेवा. कुणी भिजलंच तर आधी कपडे बदला, चहा नंतर.

नदी काहा डोंगरांतून येते आणि मोठ्या पावसानंतर झपाट्याने चढते. अशा वेळी फोटोसाठी दगडांवर उतरू नका. वादळाचा इशारा असेल त्या दिवशी तर वनात पाऊलच टाकू नका, फांद्या कोसळतात. डिसेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून तेव्हा सकाळीच निघा. आत शिरण्याआधी नकाशाच्या फलकाचा फोटो काढून घ्या. वाट चुकल्यासारखं वाटलं तर पुढे रेटू नका, शेवटची खूण दिसली होती तिथवर मागे या.

गोचीड अंगावर आहे का, हे न बघणं

माझ्या मते ही सगळ्यात महागात पडणारी चूक. वसंतापासून शरदापर्यंत नेच्यांमध्ये आणि उंच गवतात गोचिडी असतात. पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं असतं आणि चावलेलं कळतही नाही. काही गोचिडींमुळे लाइम हा आजार होतो. पँट मोज्यांत खोचा. घरी आल्यावर गुडघ्यांच्या मागे, काखेत, कमरेपाशी आणि मुलांच्या केसांत नीट बघा. गोचीड सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढा. तेल लावणं, काडीने चटका देणं हे घरगुती उपाय करू नका. पुढचा महिनाभर त्या जागेवर लक्ष ठेवा. लाल वर्तुळ पसरताना दिसलं किंवा ताप आला तर लगेच डॉक्टरकडे जा आणि गोचीड चावल्याचं सांगा.

सुंदर दिसतं ते सगळं इथलंच समजणं

मे-जूनमध्ये जांभळा ऱ्होडोडेंड्रॉन फुलतो आणि सगळे त्याच्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. पण तो बाहेरून आणून लावलेला आहे. त्याच्या दाट सावलीत ओकचं रोपटं तग धरू शकत नाही, म्हणून तो इथून काढून टाकण्यासाठी वर्षानुवर्षं खपावं लागतं. इथलं खरं वैभव बघायला खोडाजवळ जावं लागतं. फांद्यांवरचे राखाडी-हिरवे पापुद्रे लायकेनचे आहेत. आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूलही लायकेनच. ते खरवडून घेऊ नका, शेवाळावरून चालू नका.

पाऊस आला म्हणून परत फिरणं

वारा नसेल आणि पाऊस नुसता भुरभुरत असेल तर थांबा. केरी स्लग नावाची, पाठीवर फिकट ठिपके असलेली बिनशंखाची गोगलगाय अशाच ओलाव्यात बाहेर येते. जगात ती फक्त आयर्लंडमध्ये आणि स्पेन-पोर्तुगालच्या काही भागांत आढळते. कायद्याने तिला संरक्षण आहे, त्यामुळे हात लावू नका. ती घाबरली की अंगाचा गोळा करते. मुलांना खोडासमोर दोन मिनिटं गप्प उभं राहायला सांगा. ठिपके हळूहळू लायकेनवरून सरकताना दिसतात.