हदीस तपासायची कशी आणि कुराणाशेजारी ठेवायची कशी

शब-ए-बरात किंवा रमजान जवळ आला की व्हॉट्सॲपवर चित्रं फिरू लागतात. हिरवी चौकट, मध्ये चार ओळी आणि खाली नुसतं ‘हदीस’, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींचं कथन. ते पुढे ढकलण्याआधी एवढं तपासून घ्या.

आधी एक फरक पक्का करा. कुराणाच्या बाबतीत मुसलमानापुढे प्रश्न एकच असतो, आयतीचा (कुराणातल्या वचनाचा) अर्थ काय? शब्द अल्लाहचे आहेत आणि असंख्य लोकांनी पाठ करून, लिहून ते जसेच्या तसे पोचवले, ही श्रद्धाच आहे. हदीसला प्रश्न दोन. पैगंबरांनी हे खरोखर म्हटलं किंवा केलं का? आणि असेल, तर त्याचा अर्थ काय? लोक पहिला प्रश्न गाळतात आणि दुसऱ्यावर तास-तास भांडतात.

म्हणून मजकूर हाती आला की तो नेमका काय आहे ते ठरवा. आयत असेल तर सूरह (कुराणाचा अध्याय) आणि आयतीचा क्रमांक हवा. सूरह ११४च आहेत, त्यामुळे ‘सूरह १२०’ असा हवाला दिसला की पुढे वाचूच नका. ‘अल्लाह म्हणतो’ अशी सुरुवात आहे, पण कुराणात सापडत नाही? मग ती हदीस-ए-कुदसी असू शकते. तिचा अर्थ अल्लाहचा मानतात, पण ती हदीसच्या ग्रंथांतून येते, नमाजमध्ये कुराण म्हणून पढली जात नाही आणि तिचीही छाननी होते. पुष्कळदा मात्र ते एखाद्या बुजुर्गाचं चांगलं वचन असतं आणि वाटेत कुणीतरी त्यावर हदीसचा शिक्का मारलेला असतो.

मग ग्रंथ शोधा. सुन्नी परंपरेत सहा संग्रह प्रमुख आहेत: बुखारी, मुस्लिम, अबू दाऊद, तिरमिजी, नसाई आणि इब्न माजा. मुंबईतल्या इस्ना अशरी (बारा इमाम मानणाऱ्या) शियांकडून आलेला हवाला यांत सापडला नाही तर बिचकू नका. त्यांचे चार मूलग्रंथ वेगळे आहेत, त्यांत कुलैनी यांचा ‘अल-काफी’ सर्वांत मोठा. दाऊदी बोहरा काजी नुअमान यांच्या ‘दआइमुल इस्लाम’कडे पाहतात. क्रमांक जुळत नसेल तर लगेच ‘खोटी’ म्हणू नका. ‘सहीह मुस्लिम’ची एक प्रचलित मोजणी ३०३३ वर संपते, दुसरी साडेसात हजारांच्या पुढे जाते. म्हणून क्रमांकासोबत प्रकरणाचं नावही पाहावं.

मूळ हदीसचे भाग दोन: सनद म्हणजे सांगणाऱ्यांची साखळी आणि मत्न म्हणजे मजकूर. बुखारीतली पहिलीच हदीस घ्या, ‘कृत्यं नीयतवर, म्हणजे हेतूवर, अवलंबून असतात’. तिची साखळी अशी: बुखारी यांना हुमैदींनी सांगितलं, त्यांना सुफियान यांनी, त्यांना यहया इब्न सईद यांनी, त्यांना मुहंमद इब्न इब्राहीम यांनी, त्यांना अलकमा यांनी आणि अलकमांनी ऐकलं पैगंबरांचे सहकारी हजरत उमर यांच्याकडून. मुहद्दिस, म्हणजे हदीसचे जाणकार, इथे पाच गोष्टी पाहतात: साखळी कुठे तुटलेली नाही ना, प्रत्येक जण सचोटीचा होता का, त्याची स्मरणशक्ती किंवा लेखी टिपण पक्कं होतं का, त्याहून भरवशाच्या माणसांच्या सांगण्याशी विरोध येत नाही ना आणि आत एखादा छुपा दोष तर नाही. उमरपासून यहयांपर्यंत या हदीसला प्रत्येक टप्प्यावर एकेकच माणूस आहे, तरी ती सहीह, म्हणजे अस्सल. सांगणारा एकटा म्हणून हदीस कमकुवत, हा समज चुकीचा.

त्यानंतर दर्जा पाहा: सहीह, हसन (त्याखालची, पण चालणारी), जईफ (कमकुवत), की मौजू म्हणजे रचलेली. बुखारी आणि मुस्लिम या दोघांत असेल तर ‘मुत्तफक अलैह’ (दोघांचं एकमत) लिहिलेलं असतं आणि सुन्नी वाचकाचं काम बहुधा तिथे संपतं. तिरमिजी स्वतःच हदीसखाली आपला शेरा देतात, तो अनुवादात गाळलेला असेल तर दुसरी प्रत घ्या. इब्न माजात जईफ हदीस बऱ्याच आहेत, तिथे निवाडा बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये. ‘ज्ञानासाठी चीनला जावं लागलं तरी जा’ हे वाक्य शाळेच्या भिंतीवरही दिसतं, पण हदीसचे जाणकार इब्नुल जौजी यांनी ते रचलेल्यांत धरलं आहे. ‘ज्ञान मिळवणं प्रत्येक मुसलमानावर फर्ज (बंधनकारक) आहे’ ही इब्न माजातली हदीस मात्र अनेक वाटांनी आल्यामुळे बऱ्याच विद्वानांनी स्वीकारली. ‘जन्नत आईच्या पायाखाली’ हे प्रसिद्ध रूप कमकुवत, पण नसाईत त्याच आशयाची, आईची सेवा करायला सांगणारी हदीस आहे. म्हणजे आशय बरा वाटला म्हणून शब्द खरे ठरत नाहीत, आणि शब्द पडले म्हणून आशयही पडत नाही.

आता कुराणाशेजारी ठेवा. जकात (बंधनकारक दान) कुणाला द्यायची ते कुराण सांगतं (९:६०, आठ प्रकारचे लोक). किती, ते हदीस सांगते: चांदीवर दहाव्या हिश्श्याचा चौथा भाग, म्हणजे अडीच टक्के, आणि २०० दिरहमांच्या (चांदीच्या नाण्यांच्या) खाली काहीच नाही. आपल्याकडचे साडेबावन्न तोळे (सुमारे ६१२ ग्रॅम) चांदी हा हिशेब तिथूनच आला. वारशाच्या आयतींत वसियतीचा (मृत्युपत्राचा) उल्लेख आहे, मर्यादा नाही. ‘एक तृतीयांश, आणि तेही पुष्कळ’ ही मर्यादा पैगंबरांचे सहकारी सअद इब्न अबी वक्कास यांच्या हदीसमधून येते. एका ठिकाणी हदीस तपशील भरते, दुसऱ्या ठिकाणी आवर घालते.

दोन्हींत विरोध दिसला तर? घरच्यांच्या रडण्यामुळे मयताला शिक्षा होते, असं हजरत उमर यांचे पुत्र इब्न उमर सांगत. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशांनी ते मान्य केलं नाही. ‘कुणीही दुसऱ्याचं ओझं वाहणार नाही’ (६:१६४) ही आयत त्यांनी पुढे ठेवली आणि पैगंबरांचं ते बोलणं एका विशिष्ट प्रसंगाचं होतं, असं सांगितलं. दोन्ही कथनं बुखारीत शेजारी-शेजारी आहेत. पुढच्या विद्वानांनी हदीस फेकली नाही. ज्याने जिवंतपणी आपल्यामागे आक्रोश करायला सांगून ठेवलं, त्याच्याबद्दल ती आहे, असा अर्थ लावला. क्रम लक्षात घ्या: प्रसंग पाहायचा, मेळ बसतो का बघायचं, आणि नाकारण्याचा विचार सर्वांत शेवटी, तोही जाणकारांनी करायचा.

इथवर आलात तरी मसला, म्हणजे धार्मिक निर्णय, स्वतः काढू नका. कुराणात मुरदार (आपोआप मेलेलं जनावर) हराम आहे (५:३). अबू दाऊदमधली हदीस समुद्रातलं मेलेलं हलाल ठरवते. कोकणी मुसलमान शाफई या फिकही पंथाचे (धर्मनियमांच्या परंपरेचे), त्यांच्या ताटात कोळंबी निर्धास्त असते. हनफी पंथाचे लोक मात्र समुद्रातला फक्त मासा हलाल धरतात. त्यामुळे एकाच गावातले दोन शेजारी तीच आयत आणि तीच हदीस मानून वाद घालतात तो हदीस खरी की खोटी यावर नव्हे, ‘समुद्रातलं मेलेलं’ म्हणजे फक्त मासा की कोळंबीही, यावर.