सेवासमाप्तीचा आदेश हाती पडल्यावर

तात्पुरत्या शासकीय कर्मचाऱ्याच्या हाती सेवासमाप्तीचा आदेश पडतो, तेव्हा तो बहुधा शेवटची ओळच वाचतो, आणि ते स्वाभाविकही आहे. मुंबईतील एका कार्यालयाच्या आस्थापना शाखेत अनेक वर्षे काढल्यावर माझा सल्ला असा आहे, की आदेश वरून वाचावा. मजकुरात "आपल्या सेवेची यापुढे आवश्यकता नाही" एवढे एकच निरुपद्रवी वाक्य असते. परंतु विषयाखाली "संदर्भ" म्हणून जी दोन-तीन पत्रे नमूद केलेली असतात, त्यांत एखाद्या तक्रारीचा किंवा चौकशी अहवालाचा जावक क्रमांक असू शकतो, आणि सारे प्रकरण त्या एका ओळीवर उभे राहू शकते.

याचे कारण राज्यघटनेच्या कलम 311(2) मध्ये आहे. आरोप कळवून, चौकशी करून आणि बाजू मांडण्याची वाजवी संधी दिल्यावाचून शासकीय कर्मचाऱ्याला बडतर्फ करता येत नाही, सेवेतून काढता येत नाही किंवा खालच्या पदावर आणता येत नाही. हे संरक्षण केवळ कायम कर्मचाऱ्यांना आहे, हा समज चुकीचा आहे. पुरुषोत्तम लाल धिंग्रा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1957 मध्येच स्पष्ट केले, की तात्पुरत्या कर्मचाऱ्याला पदावर राहण्याचा हक्क नसतो आणि नियुक्तीच्या अटींनुसार त्याची सेवा संपवता येते. मात्र ती शिक्षा म्हणून संपवली असेल, तर कलम 311 त्यालाही लागू होते. आदेशाची भाषा साधी असली तरी न्यायालय त्यामागचे खरे कारण तपासू शकते, हे 1984 च्या अनूप जयस्वाल प्रकरणाने दाखवले.

येथे एक भेद नीट समजून घ्यावा, कारण बरीच प्रकरणे याच भेदावर जिंकली किंवा हरली जातात. काम समाधानकारक नाही म्हणून किंवा तक्रारी आल्या म्हणून वरिष्ठांनी तुम्हाला पुढे न ठेवण्याचे ठरवले, तर तो केवळ हेतू मानला जातो आणि आदेश सहसा टिकतो. पण तुमच्या पाठीमागे चौकशी करून गैरवर्तन सिद्ध झाल्याचा निष्कर्ष काढला गेला आणि त्याच निष्कर्षावर आदेश निघाला, तर तो निष्कर्ष आदेशाचा पाया ठरतो आणि आदेश रद्द होऊ शकतो. ठपका आदेशातच असला पाहिजे असेही नाही. आदेशात उल्लेखिलेल्या कागदातही तो असू शकतो, असे दीप्तिप्रकाश बॅनर्जी प्रकरणात 1999 मध्ये म्हटले आहे. म्हणूनच संदर्भातील प्रत्येक पत्राची प्रत माहिती अधिकारात मागावी. त्यासाठी उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे.

त्यानंतर नियुक्ती आदेश काढून त्यातील नोटिशीची अट तपासावी. केंद्र सरकारच्या तात्पुरत्या कर्मचाऱ्यांसाठी 1965 च्या नियमांत एक महिन्याची नोटीस किंवा त्याऐवजी वेतन, अशी तरतूद आहे. तुमच्यानंतर त्याच संवर्गात रुजू झालेल्यांना ठेवून तुम्हालाच काढले असेल, तर सेवाज्येष्ठता यादी मिळवावी. समानतेच्या हक्कावर आधारलेला तो वेगळा मुद्दा आहे. तुमच्या जागी दुसरा तात्पुरता माणूस घेतला असेल, तर तेही लेखी नोंदवावे, कारण एका हंगामी माणसाच्या जागी दुसरा हंगामी माणूस आणू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने 1992 मध्ये बजावले आहे.

कायम होण्याच्या आशेबद्दल मात्र खरे तेच सांगितले पाहिजे. दरवेळी एक दिवसाचा तांत्रिक खंड देऊन केलेली दहा वर्षांची सेवाही आपोआप हक्क देत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 2006 च्या उमादेवी निकालाने ठरवले. मंजूर पदावर, पात्रता असताना, केवळ प्रक्रियेतील त्रुटीसह झालेल्या आणि न्यायालयीन आदेशाच्या आधाराविना दहा वर्षे चाललेल्या सेवेपुरती त्यात एकवेळची सवलत होती. डिसेंबर 2024 च्या जग्गो प्रकरणात मात्र न्यायालयाने, कायम स्वरूपाचे काम वर्षानुवर्षे करून घेणाऱ्या कार्यालयांना उमादेवीची ढाल करता येणार नाही, अशी भूमिका घेतली. दीर्घ सेवा झालेल्यांनी हा निकाल आपल्या वकिलांना अवश्य दाखवावा.

दाद कोठे मागायची, हे नोकरी कोणाची यावर ठरते. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याने महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे मॅटमध्ये, आणि केंद्राच्या कर्मचाऱ्याने केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या, म्हणजे कॅटच्या, मुंबई खंडपीठात जावे. त्यापुढे उच्च न्यायालय आहे. महानगरपालिका आणि महामंडळांचे कर्मचारी कलम 311 खाली येत नाहीत. त्यांनी वकिलाला विचारून औद्योगिक न्यायालय की उच्च न्यायालय, हे ठरवावे.

वरिष्ठांना निवेदन अवश्य द्यावे, ते टपाल शाखेत देऊन आपल्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्यावी, परंतु उत्तराची वाट पाहत बसू नये. न्यायाधिकरणात जाण्याची मुदत साधारणपणे अंतिम आदेशापासून एक वर्षाची आहे, आणि स्मरणपत्रांवर स्मरणपत्रे पाठवत राहिल्याने ती वाढत नाही. म्हणून हे वर्ष सेवासमाप्तीच्या आदेशाच्या तारखेपासूनच मोजावे.