नागपूरच्या हिवाळ्यातली बाग: नव्वद दिवसांचा हिशेब

दरवर्षी दसऱ्याच्या आगेमागे ओळखीतल्या दोघा-तिघांकडून एकच तक्रार येते. पालक पेरला, उगवलाच नाही. सांबार, म्हणजे कोथिंबीर, टाकला, चारच काड्या वर आल्या. मग बी खराब निघालं म्हणून पाकीट फेकलं जातं. बी बहुतेक वेळा चांगलं असतं, चुकलेली असते ती तारीख. ऑक्टोबरात आपल्याकडे दुपारचा पारा ३३-३४ अंशांवर असतो आणि गच्चीवरच्या काळ्या कुंडीतली माती त्याहूनही तापते. पालक, वाटाणा, लेट्युस यांचं बी एवढ्या गरम मातीत नीट उगवत नाही. तेच पाकीट रात्री गार व्हायला लागल्यावर पुन्हा उघडा. पालकाचं बी रात्रभर भिजवा. सांबारासाठी धने चपलेखाली किंवा लाटण्याने हलके रगडून दोन फाकी करा, मग भिजवा. मेथी चार-पाच दिवसांत दिसते, सांबाराला मात्र दहा ते पंधरा दिवस लागतात. तेवढा धीर न धरता वाफा उकरून पाहणारे खूप जण मी पाहिले आहेत.

नागपूरची खरी थंडी ढोबळमानाने नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, म्हणजे नव्वद दिवसांची. हा आकडा डोक्यात ठेवूनच काय पेरायचं ते ठरवावं. मेथी महिन्याभरात काढता येते. पालकाची पहिली कापणी पाच आठवड्यांत होते. मुळा चाळीस-पंचेचाळीस दिवसांत तयार होतो. हे तिन्ही दर पंधरा दिवसांनी थोडे थोडे पेरत राहावेत, म्हणजे एकदम टोपलीभर आणि मग महिनाभर काहीच नाही असं होत नाही. अर्केल जातीचा वाटाणा दोन महिन्यांत शेंगा देतो. त्याच्या फुलोऱ्यात दुपार तिशीच्या वर गेली की शेंगा कमी धरतात, म्हणून तो नोव्हेंबरातच लावलेला बरा. गाजराला तीन महिने लागतात. डिसेंबरच्या अखेरीस पेरलेलं गाजर उन्हाच्या तोंडी सापडतं, आतून कडक होतं आणि गोडी धरत नाही. मुळ्यातही जात पाहून घ्या: पुसा चेतकी उष्ण दिवसांची, पुसा हिमानी थंडीची. फुलकोबीत तर जातीलाच सगळं महत्त्व आहे. लवकर येणाऱ्या जातीचं रोप ऐन थंडीत लावलं, किंवा रोपवाटिकेत राहून जरड झालेलं रोप आणलं, तर बटणाएवढा गड्डा धरून झाड थांबतं. रोप घेताना जात लवकरची की उशिराची, आणि रोप किती दिवसांचं, एवढं विचाराच. चार ते पाच आठवड्यांचं रोप चांगलं.

आता उन्हाबद्दल, कारण गच्चीवरच्या बागा सगळ्यात जास्त इथेच फसतात. नागपूर २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या अखेरीस दुपारी बारा-सव्वाबाराला सूर्य अगदी डोक्यावर असतो, कठड्याची सावली जवळपास पडतच नाही. २२ डिसेंबरच्या सुमारास मात्र तो भर दुपारीही दक्षिणेला, क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांवरच असतो. त्यामुळे जेवढी भिंत उंच, तेवढीच लांब तिची सावली उत्तरेकडे पडते. तीन फुटी कठड्याची तीन फूट, शेजारच्या तीस फुटी घराची तीस फूट, आणि हे दुपारचं माप आहे. सकाळ-संध्याकाळी सावली याहून लांब. उन्हाळ्यात दक्षिणेच्या कठड्याला लागून ठेवलेल्या कुंड्या डिसेंबरात दिवसभर सावलीत जातात, आणि आपण खत कमी पडलं म्हणून खत घालत बसतो.

डिसेंबरातल्या एका रविवारी खडू घेऊन गच्चीवर जा. सकाळी दहाला, बाराला आणि तीनला सावलीची कड आखा. तिन्ही रेघांच्या बाहेर, कायम उन्हात राहणारी जागा टोमॅटो, वांगी, मिरची, वाटाणा आणि कोबीला द्या. त्यांना सहा तास ऊन हवं. पालक, मेथी, सांबार, पुदिना तीन-चार तासांवरही भागवतात. परसात जागा बदलता येत नाही, तिथे निदान वाफ्याचा क्रम बदलता येतो: उंच वाढणारं उत्तरेला, बुटकं दक्षिणेला. माझ्या गच्चीवर हे केल्यापासून वाटाण्याच्या शेंगा दुपटीने वाढल्या. बी तेच होतं, मातीही तीच.

माती म्हटली की आपली काळी. शेतात तिच्यासारखी माती नाही, कुंडीत मात्र ती फार जपावी लागते. वाळली की आकसते आणि कुंडीच्या कडेपासून सुटते. मग घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं आणि भोकातून बाहेर येतं. तळाला पाणी दिसलं की आपल्याला वाटतं भरपूर झालं, मधला गोळा मात्र कोरडाच राहतो. अशा वेळी काडीने वरची माती हलवून फट बुजवा, थोडं पाणी द्या, दहा मिनिटं थांबा, मग पुन्हा द्या. नवी कुंडी भरताना काळी माती एक तृतीयांशाहून जास्त नको. बाकी कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि जाडसर रेती किंवा लाल माती. काळ्या मातीत मूठभर रेती मिसळून काही होत नाही, उलट ती विटेसारखी घट्ट बसते. भुसभुशीतपणा येतो तो खताने. गाजरासाठी कुंडी निदान एक फूट खोल असावी आणि तिच्यात खडा राहू देऊ नये, नाहीतर गाजराला दोन-तीन फाटे फुटतात. बोअरच्या जड पाण्यावर वाढणाऱ्या झाडांची नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या, तर लोह कमी पडतंय असं समजा. लोह मातीत असतं, पण चुनखडीमुळे मुळांना ते मिळत नाही.

टोमॅटोबद्दल दर जानेवारीत विचारणा होते. झाड तरारलेलं, फुलं भरपूर, पण सगळी गळतात. रात्रीचं तापमान १३ अंशांच्या खाली राहिलं की टोमॅटोचं परागीकरण नीट होत नाही, आणि डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे बहुतेक रात्री तशाच असतात. मी एका वर्षी घाबरून युरिया दिला. पानं गर्द झाली, कोवळ्या शेंड्यांवर मावा चढला आणि फळ एकही नाही. तेव्हापासून या काळात टोमॅटोला नत्र देत नाही. अकराच्या सुमारास, ऊन लागलेलं असताना, फुलांचे घोस बोटाने हलके हलवते. कुंडी पश्चिमेकडे तोंड असलेल्या भिंतीला लावून ठेवते, कारण दुपारभर तापलेली भिंत रात्री ऊब देते. भिंतीजवळ दोन आणि मोकळ्या कठड्याजवळ दोन अशा एकाच दिवशी लावलेल्या चार कुंड्या एक हिवाळा मी मोजल्या. भिंतीजवळच्या दोघींना आधी फळ धरलं. तुमची भिंत वेगळी, म्हणून तुम्हीही मोजून पाहावं.

थंडीची लाट येते ती बहुधा ढग-पाऊस निघून गेल्यावर, आभाळ स्वच्छ झालं आणि उत्तरेचा कोरडा वारा सुटला की. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. असं रोज होत नाही, पण अशी एक रात्रही मिरची, तुळस आणि कोवळ्या वेलांना पुरते. अंदाज आला की दुपारीच पाणी द्या. ओली माती दिवसाची ऊब धरून ठेवते आणि रात्री सोडते. शेतकरी थंडीच्या रात्री हलकं ओलित करतात ते याच कारणाने. संध्याकाळी जुनी चादर किंवा वर्तमानपत्र पांघरा, सकाळी ऊन आलं की काढा. प्लास्टिक टाकलं तर ते पानांना टेकू देऊ नका, टेकलेलं पान जळतं. हिंगणा, कामठी रोडकडच्या मोकळ्या वस्त्यांत रात्री मध्यवस्तीतल्या सीताबर्डीपेक्षा जास्त थंड पडतात, तिथल्या लोकांनी एक पांघरूण जास्तीचं ठेवावं. जळलेल्या फांद्या लगेच छाटायची घाई करू नये. फेब्रुवारीत फूट कुठून येते ते दिसतं, तोपर्यंत थांबा.

शेवंतीची गोष्ट सांगायलाच हवी. फाटकाजवळच्या एका कुंडीला डिसेंबरातही कळी नव्हती. तिच्याच काडीपासून केलेली मागच्या दारची कुंडी फुलांनी लवलेली. फरक एवढाच होता की फाटकावर रात्रभर दिवा. शेवंती लांब, अखंड अंधाराच्या रात्रींवर कळी धरते, मध्ये उजेड पडला की तिला रात्र लहान वाटते. ऑगस्टच्या अखेरीपासून दिव्यापासून दूर ठेवा, एवढं केलं तरी पुष्कळ. पॉइन्सेटियालाही हेच लागू आहे.

कीड-रोगात दोनच गोष्टींकडे लक्ष ठेवा. ढगाळ हवेत मोहरी, कोबी, शेवंतीवर मावा येतो. पहिल्या दिवशी पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानेही तो उतरतो. वाढलाच तर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुलिंबाचं तेल आणि थोडं साबणाचं पाणी, उन्हं उतरल्यावर. ठिपक्यांचे किडे, म्हणजे लेडीबर्ड, दिसत असतील तर फवारूच नका. ते मावा खातात. सांबाराची दोन-तीन झाडं फुलावर सोडली की असे मित्रकिडे आपोआप येतात. वाटाण्यावर पांढरी भुरी दिसली तर पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, तेही सकाळी. तेल आणि गंधक यांच्यात दोन आठवड्यांचं अंतर हवं, नाहीतर पानं करपतात.

एकमेकांना अनुभव सांगताना मात्र एक विनंती आहे. “माझ्याकडे मस्त आलं” एवढ्याने दुसऱ्याला काही कळत नाही. पेरल्याची तारीख, बियाण्याची जात, किती तास ऊन, मातीत काय किती, आणि वीस बियांतून किती उगवल्या, एवढं लिहून ठेवा आणि तेच सांगा. करून पाहायचं असेल तर शेजारी-शेजारी दोन कुंड्या आणि दोघींत एकच फरक. खतही बदललं, जागाही बदलली, तर गुण कशाचा हे कधीच कळत नाही. जमलं नाही तेही सांगा. माझ्याकडे कसुरी मेथी दोन वर्षं साध्या मेथीच्या निम्म्यानेही वाढली नाही. ती मुळातच सावकाश वाढते हे शेजारच्या काकूंनी सांगितलं, तेव्हा कुठे तिसऱ्या वर्षी लवकर पेरून पुरेशी मिळाली.

अंगणात संत्र्याचं झाड असेल तर त्याच्यासाठी वेगळा नियम. आंबिया बहार, म्हणजे हिवाळा सरताना येणारा फुलोरा, यायचा तर झाडाला डिसेंबर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत पाण्याचा ताण हवा. घरच्या संत्र्याला बहुधा तो मिळतच नाही, कारण बुंध्याशी आपण झेंडू नाहीतर पालक लावलेला असतो आणि त्याला रोज पाणी देतो. झाड हिरवंगार राहतं आणि फुलत नाही. नोव्हेंबरच्या अखेरीस बुंध्याखालचा वाफा मोकळा करा, डिसेंबरात पाणी तोडा. पानं थोडी मलूल होऊन गळू लागली तरी घाबरू नका. संक्रांतीनंतर आळं करून शेणखत घाला, पहिलं पाणी हलकं द्या आणि मग आठवड्याने भरपूर.