'गेट'चे अर्थ पाठ करू नका, त्याच्या पुढचा शब्द बघा

इंग्रजी शिकताना 'रन', 'सेट', 'टेक' हे सगळेच छळतात पण मला विचाराल तर सगळ्यात जास्त घोळ 'गेट' (get) घालतो, कारण बोलण्यात तो सारखा येतो. डिक्शनरी उघडली की अर्थांची ही मोठी रांग, आणि लोक ती पाठ करायला बसतात. ते आधी बंद करा.

आपलं 'लागणे' घ्या ना. भूक लागली, आग लागली, नोकरी लागली, ठेच लागली, डोळा लागला, दोन तास लागले. हे कोणी पाठ केलंय का? शेजारचा शब्द ऐकला की कुठलं लागणं ते कळतंच. गेटचंही तसंच, फक्त मराठीत तो शब्द आधी येतो आणि इंग्रजीत नंतर.

म्हणून गेट दिसला की पुढे बघायचं. वस्तू असेल तर मिळणं किंवा आणणं, 'आय गॉट अ लेटर' म्हणजे पत्र मिळालं, 'गेट मी सम वॉटर' म्हणजे पाणी आण. जागा असेल तर पोचणं, 'वी गॉट होम ॲट टेन'. विशेषण असेल तर होणं, 'इट्स गेटिंग डार्क', अंधार पडतोय. इथे एक बारीक फरक नीट बघा, 'ही वॉज अँग्री' म्हणजे तो चिडलेला होता, 'ही गॉट अँग्री' म्हणजे तो चिडला, आधी नव्हता. गेटचं मूळ जुन्या नॉर्स (स्कँडिनेव्हियातल्या जुन्या) भाषेतलं 'गेता', म्हणजे मिळवणं, त्यातूनच हा सगळा पसारा वाढलाय.

खरी गडबड होते ती केस कापण्यात :) 'आय कट माय हेअर' म्हटलं तर तुम्ही स्वतः कात्री घेऊन कापले. दुसऱ्याकडून कापून घेतले असतील तर 'आय गॉट माय हेअर कट', म्हणजे वस्तू मध्ये आणि क्रियापदाचं तिसरं रूप शेवटी, आपलं 'करून घेणं' ते हेच. मध्ये माणूस आला आणि त्याच्याकडून काम करून घेतलं तर 'टू' विसरू नका, 'आय गॉट हिम टू साइन', मी त्याला सही करायला लावली, बहुतेक वेळा समजावून वगैरे. 'आय मेड हिम साइन' मध्ये 'टू' नाही आणि जबरदस्तीचा वास आहे.

'गेट ओव्हर' (दुखण्यातून सावरणं), 'गेट अलाँग' (एकमेकांशी पटणं), 'गेट अवे विथ' (चुकीचं करूनही सहीसलामत सुटणं) हे मात्र जोडीनेच लक्षात ठेवावे लागतात, तिथे इलाज नाही. आणि कोणी काही समजावल्यावर 'आय डोंट गेट इट' म्हटलं तर ते कळलं नाही असं, मिळालं नाही असं नाही.

'आय हॅव गॉट अ कार' म्हणजे नुसतं गाडी आहे. अमेरिकन लोक 'आय हॅव गॉटन' म्हणतात तेव्हा मिळाली किंवा मिळवली असा अर्थ असतो. आणि 'आय हॅव गॉट टू गो' म्हणजे मला जावं लागेल, बघा, इथे मराठीत पण लागणेच आलं.